बार्शीचे दीक्षित मास्तर

बार्शी तालुक्यात मी बावीस वर्षे मास्तरकी केली. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. त्या बावीस वर्षांत बार्शीच्या बाजारात, भगवंताच्या देवळात, एसटी स्टँडवर किती वेळा गेलो असेन त्याची गणती नाही. पण याच गावात माझ्या आधी शंभर वर्षे एक शाळामास्तर राहत होता आणि दिवसा शाळा सांभाळून रात्री भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहीत होता, हे मला कळले ते निवृत्तीनंतर. इतिहासाच्या मास्तराने चारचौघांत सांगावी अशी ही गोष्ट नाही, पण खरी आहे म्हणून सांगतो.

त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. ज्योतिष म्हटले की आज लोक पत्रिका पुढे करतात. दीक्षितांचे ज्योतिष मुख्यतः ते नव्हे. सूर्य, चंद्र, ग्रह कधी कुठे असतात याचे गणित आपल्या देशात कोणी, केव्हा आणि कसे केले, हा त्यांचा विषय. आजच्या भाषेत त्यांना विज्ञानाचा इतिहासकार म्हणावे लागेल. या विषयाला वाहिलेले जॉर्ज सार्टन यांचे 'आयसिस' हे नियतकालिक निघाले १९१३ साली. दीक्षितांचा ग्रंथ छापून झाला १८९६ साली, आणि तो मराठीत आहे.

माझ्याकडे एक जुनी वही आहे. तिच्यामुळे मी दीक्षितांकडे गेलो. पण तिच्याविषयी शेवटी सांगतो, आधी माणूस.

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरूडचा. (जंजिऱ्याचे मुरूड वेगळे. हे हर्णैजवळचे, महर्षी कर्व्यांचे मुरूड.) गावात मराठी शाळा आणि थोडे संस्कृत झाले. मग दापोलीच्या कोर्टात काही दिवस उमेदवारी. १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. नाव कॉलेज असले तरी मराठी शाळांसाठी मास्तर तयार करण्याची ती संस्था. तिथला अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला, बाजूने इंग्रजी शिकले आणि १८७४ साली मॅट्रिकची परीक्षा पास झाले. विद्यापीठाच्या शिक्षणाशी त्यांचा संबंध इथेच संपला.

पुढे नोकरी. रेवदंड्याच्या मराठी शाळेत हेडमास्तर, मग ठाणे, मग बार्शीच्या इंग्रजी शाळेत असिस्टंट, मग धुळ्याचे ट्रेनिंग स्कूल, आणि अखेर जिथे शिकले त्याच पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक. बदल्यांची ही यादी वाचताना मला माझे सर्व्हिस बुक आठवले. गाव बदलले की आधी घर शोधायचे, मग दूधवाला, मग पोरांच्या शाळा. पुस्तकांची ट्रंक सहा महिने उघडायची सुद्धा नाही. दीक्षितांची ट्रंक मात्र उघडीच राहिली असावी. १८७६ साली त्यांचे 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' निघाले, १८८२ साली 'सृष्टिचमत्कार', १८९२ साली 'ज्योतिर्विलास'. या शेवटच्या पुस्तकाचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असे आहे. आकाशातल्या तारकांची ओळख सामान्य वाचकाला करून देणारे हे पुस्तक. मास्तर मुलांना अंगणात घेऊन जातो आणि बोट दाखवतो, तसे.

त्यांना इतिहासाकडे वळवले पंचांगाच्या भांडणाने. हे भांडण आज कोणाला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्रातली पंचांगे तेव्हा 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून तयार होत. तो लिहिला गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास, कोकणातल्या नांदगावी. ज्या-चापाचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, किचकट गणित टाळून जोशीबुवांना झटपट पंचांग करता यावे अशी युक्ती त्यात होती. पण साडेतीनशे वर्षांत लहान चुका साठत जातात. ग्रहणाची वेळ पंचांगात एक आणि आकाशात दुसरी, असे होऊ लागले. तेव्हा प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गुरू केरूनाना, यांनी युरोपातल्या अचूक कोष्टकांच्या आधारे १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली आणि १८६५ पासून नवे पंचांग सुरू केले. त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत.

इथवर ठीक होते. पण दुरुस्ती सुरू झाली की प्रश्न थांबत नाहीत. वर्ष कशावरून मोजायचे? सूर्य संपातबिंदूवर, म्हणजे दिवस आणि रात्र समान होतात त्या ठिकाणी, परत आला की वर्ष पुरे, असे म्हणायचे, की तो एखाद्या ताऱ्यापाशी परत आला की? पहिले सायन, दुसरे निरयन. दोन्हींत फरक वीस मिनिटांचा. पण वीस-वीस मिनिटे साठून सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस होतो. म्हणून सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला आणि आपण तीळगूळ वाटतो १४ जानेवारीला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे तिघे सायन पक्षाचे. सण ऋतूंशी बांधलेले आहेत, वसंताचा चैत्र हळूहळू उन्हाळ्यात आणि मग पावसाळ्यात जाऊ द्यायचा का, असा त्यांचा सवाल होता. वर्तमानपत्रांतून कडाक्याचे वाद झाले.

अशा वादात दोन्ही बाजू म्हणतात, 'आपल्या पूर्वजांनी असेच केले आहे.' दीक्षितांनी विचारले, पूर्वजांनी नक्की काय केले ते कोणी पाहिले आहे का? १८८४ च्या अखेरीस पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगांच्या इतिहासावर मराठी ग्रंथ मागवला, आणि दीक्षितांनी तो लिहायला घेतला. पंचांगाचा इतिहास लिहायचा तर ज्या ग्रंथांवरून पंचांगे होतात त्यांचा लिहावा लागतो. त्यांचा लिहायचा तर त्यांच्या आधीच्या ग्रंथांचा. असे करत करत ते वेदांपर्यंत गेले.

तेव्हा ते बार्शीला होते. बार्शीला रेल्वे आली १८९७ साली, म्हणजे ते तिथून गेल्यानंतर. पुण्यातली हस्तलिखिते पाहायची तर कुर्डुवाडीपर्यंत गाडीरस्त्याने आणि तिथून पुढे आगगाडीने. मी त्याच तालुक्यात असताना एसटी होती, पोस्ट होते, सोलापूरला ग्रंथालये होती. आणि तरी 'खेड्यात बसून काय होणार' हे वाक्य आमच्या टीचर्स रूममध्ये आठवड्यातून दोनदा तरी बोलले जाई. बोलणाऱ्यांत मी असेच.

आता फ्लीटसाहेबांची हकीकत. मला ती सगळ्यात जास्त आवडते.

जॉन फेथफुल फ्लीट हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी आणि प्राचीन लेखांचे मोठे जाणकार. गुप्त राजांचे शिलालेख आणि ताम्रपट एकत्र करून छापण्याचे काम त्यांच्याकडे होते. लेखांत वर्षे दिलेली असत, पण ती गुप्त संवताची. हा संवत सुरू केव्हा झाला? कोणी म्हणे इसवी सन ७७-७८, कनिंगहॅम म्हणत १६६-६७, बेली म्हणत १९०-९१. अल्बेरूनीने मात्र लिहून ठेवले होते की हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, म्हणजे ३१९ च्या सुमारास. यांतला कोणता धरायचा यावर समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, स्कंदगुप्त यांचे काळ अडीचशे वर्षे मागे किंवा पुढे सरकत होते. सगळा प्राचीन इतिहासच लोंबकळत होता म्हणा ना.

लेखांत वर्षाबरोबर कधी तिथी असते, क्वचित वारही असतो. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तिथे बुधगुप्ताच्या काळचा एक ध्वजस्तंभ आहे. मातृविष्णू आणि त्याचा भाऊ धन्यविष्णू यांनी तो जनार्दनासाठी उभारला. त्याच्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे कोरले आहे. तिथी चंद्रावर चालते. वार कशावरच चालत नाही, तो सातांच्या रांगेत अखंड पुढे जातो. म्हणून तिथी आणि वार यांचा मेळ हा कुलुपातल्या किल्लीसारखा असतो. संवताचा आरंभ ३१९-२० धरला तर वर्ष येते ४८४. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी होती?

हे गणित दीक्षितांनी केले. केरूनानांची कोष्टके हाताशी होती. उत्तर आले २१ जून ४८४, गुरुवार. स्तंभावर आहे तेच.

पण सातातून एकदा वार कसाही जुळतोच. वर्गातल्या मुलाने न वाचता 'बरोबर की चूक' लिहिले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात, त्यातला प्रकार. म्हणून एका लेखावर भागत नव्हते. बुंदेलखंड-बघेलखंडाकडच्या परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षाबरोबर 'महाचैत्र', 'महावैशाख', 'महाआश्वयुज' अशी संवत्सरांची नावे आहेत. गुरू ग्रह बारा वर्षांत आकाशाची फेरी पुरी करतो, त्यावरची ही नावे. सूर्याच्या तेजात लपलेला गुरू पुन्हा पहाटे दिसू लागतो तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून त्या संवत्सराला नाव द्यायचे, अशी जुनी पद्धत होती. दीक्षितांनी ती ग्रंथांतून उलगडली, गुरूच्या उदयांचे गणित केले, आणि इथेही ३१९-२० हाच आरंभ जुळला. चंद्राची साक्ष वेगळी आणि गुरूची वेगळी. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच गोष्ट सांगतात तेव्हा न्यायाधीशाला ऐकावे लागते.

फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली प्रसिद्ध झाला. तिथीचा वार कसा काढावा आणि गुरूचे बारा संवत्सरांचे चक्र काय आहे यांवरची दीक्षितांची टिपणे त्याच ग्रंथाला परिशिष्टे म्हणून जोडलेली आहेत, त्यांच्या नावानिशी. आपण वर्गात 'गुप्तकाळ हे सुवर्णयुग, इसवी सन ३२० पासून' असे फळ्यावर लिहितो. मी ते किती वर्षे लिहिले! त्या ३२० मागच्या आकडेमोडीत बार्शीच्या एका मास्तराचा हात आहे, हे ठाऊक असते तर त्या दिवशी तास किती वेगळा झाला असता. मुले डोळे मोठे करून ऐकत राहिली असती.

यानंतर आणखी एक साहेब आले. मद्रासकडचे रॉबर्ट सेवेल, विजयनगरच्या इतिहासाचे लेखक. त्यांनी आणि दीक्षितांनी मिळून 'द इंडियन कॅलेंडर' हे पुस्तक केले. इसवी सन ३०० ते १९०० पर्यंतच्या हिंदू आणि मुसलमानी तारखा इंग्रजी तारखांत कशा बदलाव्यात याची ही कोष्टके. लंडनला १८९६ साली छापले गेले. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनी ते वापरले.

त्याच १८९६ साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून त्यांचा मुख्य ग्रंथ बाहेर पडला. 'भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास'. दोन भाग आहेत. पहिल्यात वेदकाळ आणि वेदांगकाळ, दुसऱ्यात सिद्धांतकाळ. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापासून गणेश दैवज्ञांपर्यंत आणि पुढे आपल्या केरूनानांपर्यंत. प्रत्येकाचा काळ, गाव, ग्रंथ, त्याने दिलेले आकडे, आणि ते आकडे आकाशाशी कितपत जुळतात याची तपासणी. डेक्कन कॉलेजातली आणि आनंदाश्रमातली हस्तलिखिते त्यांनी पाहिली. ते स्वतः कट्टर सायनवादी, पण निरयन ग्रंथकारांची गणितेही त्यांनी त्याच कसोशीने करून पाहिली आहेत. पेपर तपासताना पोरगा कोणाचा आहे ते पाहायचे नसते.

या ग्रंथातली दोन उदाहरणे सांगतो. एक आपल्याला सुखावणारे आहे आणि दुसरे तितके नाही.

पहिले कृत्तिकांचे. शतपथ ब्राह्मणात असे विधान आहे की इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. शेकडो वर्षे पंडितांनी ते वाचले, युरोपियनांनीही वाचले. दीक्षित आकाशाकडे पाहणारे. त्यांच्या लक्षात आले की आज कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. मग त्या नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्याची एक फेरी सुमारे २५,८०० वर्षांची. त्या हिशेबाने मागे जात त्यांनी काळ काढला: इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. १८९५ साली 'इंडियन अँटिक्वरी'त हे प्रसिद्ध झाले. टिळकांनी पुढे आपल्या 'आर्क्टिक होम'मध्ये त्याचा आवर्जून उल्लेख केला. अनेक अभ्यासकांना मात्र ते पटलेले नाही. एका वाक्यावर एवढा भार टाकावा का, 'पूर्वेला' म्हणजे ढोबळमानाने पूर्वेला असेही असू शकते, किंवा फार जुनी आठवण नंतरच्या ग्रंथात उतरलेली असू शकते, असे आक्षेप आहेत. वाद अजून मिटलेला नाही. पण वादाला मुद्दा मिळाला तो दीक्षितांमुळे.

दुसरे वारांचे. सोमवार, मंगळवार ही नावे वेदांत नाहीत. वेदांगज्योतिषातही नाहीत, तिथे मेष-वृषभ या राशीही नाहीत. वारांचा क्रम कुठून आला ते दीक्षित गणिताने दाखवतात. संथ गतीच्या ग्रहापासून जलद ग्रहापर्यंत रांग लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस तासांना या क्रमाने एकेक मालक द्या. पहिल्या तासाचा मालक तोच त्या दिवसाचा. चोवीस तास संपले की पंचविसावा तास येतो तीन घरे सोडून चौथ्याकडे. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. झाला वारांचा क्रम! हा तास म्हणजे 'होरा', आणि होरा हा शब्दच मुळात आपला नव्हे. तेव्हा वार आपल्याकडे बाहेरून आले, असे ते सांगतात.

ज्या काळात निम्मे लोक म्हणत होते की सगळे आपल्याकडेच होते, आणि उरलेले (त्यांत बरेच साहेब) म्हणत होते की आपल्याकडे काहीच नव्हते, त्या काळात एका मुरूडकर ब्राह्मणाने आपल्या घरच्या पंचांगातले 'वार' हे पाचांतले एक अंग परके आहे असे मराठीत छापावे, हे सोपे नव्हते. ग्रीकांचे ऋण एकंदर किती, या प्रश्नावर त्यांचे माप आपल्या बाजूला थोडे झुकलेले आहे. पुढच्या संशोधकांनी ते ऋण अधिक मोठे ठरवले. पण दीक्षितांची चूक काढायची तरी त्यांचेच आकडे घेऊन काढता येते, कारण प्रत्येक पायरी त्यांनी उघडी ठेवली आहे. आम्ही मुलांना सांगायचो, नुसते उत्तर लिहू नका, रीत दाखवा, रीतीला मार्क आहेत. या माणसाने शेकडो पानांची रीत दाखवली.

१८९८ च्या एप्रिलमध्ये पुण्यात तापाचे निमित्त होऊन ते गेले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ग्रंथ हातात पडून पुरती दोन वर्षे सुद्धा झाली नसतील. मी पंचेचाळिसाव्या वर्षी काय करत होतो ते आठवून पाहिले. बहुधा जनगणनेचे फॉर्म भरत होतो.

ग्रंथाचे पुढे काय झाले? दुसरी आवृत्ती निघाली १९३१ साली. हिंदी अनुवाद झाला १९५७ साली, शिवनाथ झारखंडी यांनी केलेला. इंग्रजी अनुवाद रा. वि. वैद्य यांनी केला. भारत सरकारने त्याचा पहिला भाग १९६९ साली आणि दुसरा १९८१ साली प्रसिद्ध केला. म्हणजे मराठीतून इंग्रजीत जायला या ग्रंथाला त्र्याहत्तर वर्षे लागली. त्यांनी तो मुळात इंग्रजीत लिहिला असता तर? त्यांना इंग्रजी येत होते, फ्लीट आणि सेवेल यांच्यासाठी त्यांनी इंग्रजीत लिहिलेच होते. जगात नाव लवकर झाले असते हे खरे. पण मला वाटते, वाद पंचांगाचा होता, आणि पंचांग वापरणारा जोशी आणि त्याला दक्षिणा देणारा यजमान मराठी होता. ज्यांच्या घरचा हिशेब, त्यांना त्यांच्या भाषेत दाखवायचा, असे त्यांनी ठरवले असावे. बरोबर केले की चूक, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. मराठीत असूनही मराठी इतिहासाच्या मास्तरापर्यंत तो पोचला नाही, त्याचे काय?

सायन वर्षाचे म्हणाल तर, मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. आकाशवाणीवर आणि सरकारी राजपत्रावर तिची तारीख असते. घराघरांतली पंचांगे मात्र बहुतेक निरयनच राहिली, आणि तीळगूळ १४ जानेवारीच्या आसपासच वाटला जातो. मीही तेव्हाच वाटतो.

आता वही.

नोकरीच्या सुरुवातीला एका खेड्यात असताना गावाबाहेरच्या बारवेच्या पायरीवर चार ओळींचा लेख पाहिला होता. झिजलेला. मुलांना घेऊन पायरी धुतली, कोळसा फासून कागदावर ठसा घेतला, आणि जमेल तसे वाचून वहीत उतरवून ठेवले. शक, महिना, तिथी, आणि वार 'सोमे'. 'सवडीने तपासणे' असे खाली लिहिले. सवड मिळायला चाळीसच्या वर वर्षे लागली. मध्ये बदल्या, घर, मुलींची लग्ने. आणि खरे सांगायचे तर आमच्या मराठी बी.ए.ला हे गणित झेपेल यावर माझाच विश्वास नव्हता.

गेल्या वर्षी नातवाने सेवेल आणि दीक्षितांचे 'इंडियन कॅलेंडर' इंटरनेटवरून उतरवून दिले. अक्षरे मोठी करून आठ दिवस बसलो. इंग्रजी जड गेले, आकडे गेले नाहीत. शक गत की वर्तमान ते पाहिले, अधिक मास पाहिला, तिथी सूर्योदयाला होती की नाही ते पाहिले. तीनदा केले. तिन्ही वेळा मंगळवार आला.

वहीत सोमवार आहे.

मंगळवारला लेखांत 'भौमे' म्हणतात. 'सोमे' आणि 'भौमे'. झिजलेल्या दगडावर किती सहज चुकू शकेल! तेव्हाचा मी पंचवीस वर्षांचा, लिपीचा सराव नाही, कोळशाचा ठसा. 'भौमे' असेच असणार, असे म्हणून टाकावे आणि छोटा लेख लिहून एखाद्या मासिकाला पाठवावा, असे मनात आले. ठसा केव्हाच हरवला आहे, कोण तपासणार? दोन दिवस हा विचार डोक्यात होता. मग भाच्याच्या गाडीतून त्या गावी गेलो. बारव आहे. मध्यंतरी कोणी तरी तिची दुरुस्ती केली आहे, पायऱ्यांवर सिमेंट आहे. लेखाची पायरी त्याच्याखाली असावी. कोणती, तेही आता ओळखता येत नाही.

पायरीवर थोडा वेळ बसलो. जोडीला नेलेल्या माणसाने विचारले, गुरुजी, काय शोधताय? मी म्हणालो, एक वार.

घरी येऊन वही उघडली. 'सवडीने तपासणे' च्या खाली तारीख टाकली आणि लिहिले: 'तपासले. गणिताने मंगळवार येतो. माझ्या वाचनात सोमवार. जुळत नाही. मूळ लेख आता दिसत नाही.' खाली सगळी आकडेमोड उतरवून काढली, पायरी पायरीने, म्हणजे पुढे कोणाला माझी चूक शोधायची असेल तर सोपे जावे. तीन पाने झाली.

त्र्याहत्तराव्या वर्षी माझे संशोधन म्हणावे तर एवढेच आहे. दीक्षित मास्तरांनी ते वाचले असते तर उत्तराला किती मार्क दिले असते सांगता येत नाही. रीतीला थोडे दिले असते, अशी आशा आहे.

असो. आता अंधार पडला आहे आणि आकाश बरे दिसते आहे. कृत्तिका उगवायला अजून अवकाश आहे. थोड्या वेळाने गच्चीवर जाऊन पाहीन म्हणतो, पूर्वेच्या किती उत्तरेला येतात ते.